मार्टाला भोळी म्हणू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रहस्यपटांवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लेखकाचा अभ्यास आहे, जुन्या-नव्या चित्रपटांची तुलनाही त्यांनी छान केली आहे. पण 'नाइव्हज आउट' या २०१९ च्या इंग्रजी चित्रपटाबद्दल ते म्हणतात की त्यातली नर्स भोळी आहे, आणि भोळी असल्यामुळेच शेवटी सुटते. तो एक शब्द मला टोचला. दोन दिवस विचार केला, मग नातवाकडून वही मागून घेतली आणि लिहायला बसले. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी १९८२ साली सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले आणि २०१८ ला परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. ३६ वर्षांत मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांत बदल्या झाल्या. आता परभणीला राहते. नर्सिंग शिकताना होस्टेलवर आम्ही मुली वाचनालयातून रहस्यकथा आणून रात्र-रात्र वाचायचो, एकीचं झालं की दुसरीकडे. तेव्हापासूनची ही आवड आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांनी हे पत्र इथेच थांबवावं आणि आधी चित्रपट बघावा. खून कसा झाला ते सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडताच येणार नाही.

मे महिन्यात नातू सुट्टीला आला होता. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी बाराच्या पुढे दारं-खिडक्या लावून घरात बसावं लागतं. त्याने टीव्हीवर हा चित्रपट लावून दिला. खालची अक्षरं भराभर जायची, मला वाचून होईपर्यंत तो रिमोटने थांबवायचा. असा थांबत थांबत पाहिला, आणि त्याचा फायदाच झाला.

हार्लन थ्रॉम्बी नावाचा श्रीमंत म्हातारा लेखक आहे. रहस्यकथा लिहून त्याने अफाट पैसा कमावला. ८५ व्या वाढदिवसाला सगळं घर जमतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडतो. पोलीस आत्महत्या धरून चालतात. मग बेन्वा ब्लँक हा खासगी गुप्तहेर येतो. जेम्स बाँड साकारलेला डॅनियल क्रेग इथे अगदी निराळ्या ढंगात आहे. म्हाताऱ्याची मुलं, सुना, जावई, नातवंडं सगळी त्याच्याच पैशावर जगणारी. घरात रक्ताच्या नात्याबाहेरची, त्याच्या जवळची अशी एकच, मार्टा काब्रेरा. ती त्याची नर्स.

दिग्दर्शक रायन जॉन्सनने इथे एक धाडस केलं आहे. बाकीच्या रहस्यपटांत शेवटच्या दहा मिनिटांत सांगतात ते हा आपल्याला सुरुवातीलाच दाखवतो. वाढदिवसाच्या रात्री मार्टा म्हाताऱ्याबरोबर पटावरचा खेळ खेळत असते. पट उधळतो, औषधाच्या बाटल्या खाली पडतात. ती बाटल्या उचलते, रोजच्या सवयीने सिरिंज भरते, इंजेक्शन देते. नंतर तिची नजर लेबलवर जाते. दुखण्यावरचं केटोरोलॅक १०० मिलिग्रॅम द्यायचं होतं आणि मॉर्फिन फक्त ३ मिलिग्रॅम. लेबलप्रमाणे तिने मॉर्फिनच १०० मिलिग्रॅम दिलेलं असतं. उतारा म्हणून नॅलोक्सोन शोधते तर ते बॅगेतून गायब. म्हाताऱ्याकडे जेमतेम दहा मिनिटं आहेत, असं ती रडत सांगते. तो तिला ॲम्ब्युलन्स बोलवू देत नाही. तिची आई कागदपत्रांशिवाय त्या देशात राहते आहे, पोलीस आले तर कुटुंब उद्ध्वस्त होईल, म्हणून तो तिला कसं निघून जायचं, गाडी कुठे लावायची, परत कुठून चढून यायचं, त्याचा गाऊन घालून कुणाच्या नजरेला कसं पडायचं, हे सगळं समजावतो. आणि मग स्वतःच गळ्यावर सुरी फिरवतो.

तो प्रसंग चालू असताना मी नातवाला म्हटलं, "थांबव रे जरा."

"काय झालं आज्जी?"

"ह्याला मॉर्फिन लागलेलंच नाही."

"अगं, पण बाटलीवर लिहिलंय की. तिनं वाचलं ना."

"बाटलीवर काहीबी असू दे. पेशंटच्या तोंडाकडं बघ."

संपादक महोदय, हे मी हुशारी म्हणून सांगत नाही. मॉर्फिन दिलेला पेशंट ज्याने रात्रभर सांभाळला आहे त्या कुणालाही हे दिसेल. मॉर्फिन जास्त झालं की डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. श्वास मंद होत जातो. मिनिटाला सोळा-अठरा असतो तो दहावर येतो, आठवर, सहावर. माणूस बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. ओठांवर निळसर छटा येते. ८५ वर्षांच्या देहाला १०० मिलिग्रॅम शिरेतून गेलं तर पाच-दहा मिनिटांत तो शुद्धीवर राहणं कठीण. आणि इथे हा म्हातारा काय करतो आहे? ताठ बसून लांबलचक वाक्यं बोलतो. एकामागोमाग एक दहा पायऱ्यांचा बेत आखतो, त्यातल्या अडचणी स्वतःच काढतो, स्वतःच सोडवतो. ख्रिस्तोफर प्लमरने तो इतका तरतरीत केला आहे की माझी नजर त्याच्यावरून हलेना.

मी एवढं सांगितलं आणि लाइट गेली. तासभर आली नाही. ओला पंचा डोक्यावर घेऊन आम्ही दोघं अंधारात बसलो आणि नातू वाद घालत राहिला. सिनेमातल्या लोकांना एवढी माहिती नसते, लेखकाची चूक असेल, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं. एवढ्या बारकाईने लिहिणारा माणूस नेमका इथेच चुकेल असं वाटत नव्हतं. लाइट आल्यावर पुढचा चित्रपट आम्ही पाहिला, आणि शेवटी तेच निघालं. रॅन्सम नावाच्या नातवाने दोन बाटल्यांतली औषधं अदलाबदल करून ठेवलेली होती, नॅलोक्सोनही त्यानेच पळवलेलं. मॉर्फिनचं लेबल लावलेल्या बाटलीत केटोरोलॅक होतं. मार्टाने लेबल न बघता हाताच्या ओळखीने, द्रवाचा रंग आणि दाटपणा पाहून बाटली उचलली आणि बरोबर औषध दिलं. म्हाताऱ्याच्या रक्तात मॉर्फिन जास्त नव्हतंच. तो दगावला तो स्वतःच्या सुरीने, आणि कारण नसताना.

रहस्यकथेत वाचकाला फसवायचं असतं, पण पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर ठेवून फसवायचं असतं. इथे पुरावा कपाटात नाही, चिठ्ठीत नाही. तो समोर बसून बोलणाऱ्या पेशंटच्या श्वासात आहे. म्हणून हा चित्रपट मला फार मोठा वाटला.

आता मला रात्रभर ज्याने झोपू दिलं नाही ते सांगते. आम्हाला शिकवलं होतं, आणि पुढे मी नव्या मुलींना ३० वर्षं शिकवलं, की लेबल तीनदा वाचायचं. बाटली हातात घेताना, औषध भरताना आणि बाटली परत ठेवताना. हात काय सांगतो त्याच्यावर जायचं नाही. आता बघा, या चित्रपटात मार्टाने लेबल वाचलं असतं तर काय झालं असतं? केटोरोलॅक लिहिलेल्या बाटलीतलं १०० मिलिग्रॅम तिने भरलं असतं, आणि त्या बाटलीत मॉर्फिन होतं. म्हणजे मी आयुष्यभर शिकवलेला नियम पाळला असता तर पेशंट खरोखर मेला असता.

मी अंथरुणात उठून बसले. यजमान म्हणाले, "सिनेमा आहे, सोडून दे." मला सोडता येईना, कारण मला एक जुनी रात्र आठवत होती.

साल लिहीत नाही, दवाखानाही लिहीत नाही. मेडिकल वॉर्डला नाइट होती. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा शेतातलं फवारणीचं औषध पिऊन आला होता. आमच्या भागात विष घेतलं म्हणत नाहीत, औषध पिलं म्हणतात. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, अशा किती रात्री काढल्या ते तिला मोजता येणार नाही. या विषाने तोंडातून लाळ वाहते, छाती पाण्याने भरल्यासारखी घरघरते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. त्याच्यावर उतारा म्हणून ॲट्रोपीन देत राहावं लागतं. एक-दोन नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी. ०.६ मिलिग्रॅमची इवलीशी अँप्युल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी, एकेका डोसला कितीतरी फोडाव्या लागतात. नाडी मोजायची, तोंड कोरडं पडलं का बघायचं, बॅटरी मारून बाहुली बघायची, पुन्हा अँप्युल फोडायच्या. किडनी ट्रेमध्ये काचेचा ढीग साचतो आणि अंगठ्याच्या पेराला बारीक चिरा पडतात. मुलाची आई पायाशी बसलेली. तिने विचारलं, "सिस्टर, लेकराच्या डोळ्यात सारखी बत्ती कामून मारायल्यात?" मी सांगितलं, बाहुली मोठी झाली की तुमचं लेकरू वाचलं.

पहाटे तीन-साडेतीनला स्टोअरमधून नवा बॉक्स आला. मी फोडत गेले, भरत गेले. सिरिंज भरली, हात पेशंटच्या सलाईनच्या नळीकडे गेला, आणि सवयीने डाव्या हातातली रिकामी अँप्युल ट्रेमध्ये ठेवताना वाचली. तिच्यावर ॲड्रिनॅलिन होतं, हृदय आणखी जोरात पळवणारं औषध. आकार तोच, काच तीच, छपाईचा रंगही जवळजवळ तोच. आधीच नाडी १४० वर पळणाऱ्या त्या पोराला ते शिरेतून गेलं असतं तर काय झालं असतं ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल.

मी सिरिंज खाली ठेवली. इथपर्यंत ठीक. पण नंतर जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पाच-सात मिनिटं मी त्या सिरिंजकडेच बघत राहिले. आत्ता देत होते ते ॲड्रिनॅलिन आहे की आधीच्या डोसमध्येही गेलं, हे मला कळेना. ढिगातल्या एकेक फुटक्या अँप्युल उचलून मी लेबलं वाचत बसले. बोटं कापली. आणि तेवढा वेळ मी पेशंटकडे बघितलं नाही. नाडी बघितली असती, चेहरा बघितला असता, तर आधी काही चुकीचं गेलेलं नाही हे मला एका मिनिटात कळलं असतं. भीतीने माणूस कागदाकडे, काचेकडे, लेबलकडे बघतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्याकडे बघायचं तेवढं राहून जातं.

मार्टाचंही तेच झालं. ती चांगली नर्स आहे, म्हातारा तिला बापासारखा आहे, आणि म्हणूनच ती घाबरली. लेबल वाचल्यावर तिने त्याच्या डोळ्यांत बत्ती मारली असती, मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून श्वास मोजला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं की याला काहीही झालेलं नाही. तो वाचला असता. मला त्या प्रसंगात रडू आलं ते म्हाताऱ्याच्या मरणाचं नव्हतं, त्या न मोजलेल्या श्वासांचं होतं.

म्हणून नियमाचं कोडं मी माझ्यापुरतं असं सोडवलं. लेबल तीनदा वाचणं चुकीपासून वाचवतं. कुणी मुद्दाम बाटल्या बदलल्या तर लेबल काय करणार? तिथे हाताची ओळख लागते, आणि तीही चुकली तर शेवटी पेशंट सांगतो. आमच्या काळी इंजेक्शन देऊन झाल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा जाऊन बघण्याची सक्त ताकीद होती. पुस्तकात ती शेवटची ओळ असते म्हणून मुली ती गाळतात.

त्या रात्रीनंतर सकाळी मी इन्चार्ज सिस्टरला त्या अँप्युलचं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. दोघींनी मिळून तो बॉक्स उपसला आणि ॲड्रिनॅलिन वेगळ्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात, वर लाल शाईने लिहून ठेवलं. तो मुलगा सहाव्या दिवशी घरी गेला. त्याला आणि त्याच्या आईला यातलं काही माहीत नाही.

चित्रपटाच्या दोन-तीन गोष्टी मला पटल्या नाहीत, त्याही सांगते. केटोरोलॅकचा १०० मिलिग्रॅम डोस ८५ वर्षांच्या माणसाला कुणी देणार नाही. पासष्टीच्या पुढच्या माणसाला दिवसभरात मिळून ६० च्या वर जायचं नसतं, पोटात रक्तस्राव होतो, किडनीवर जातं. ही दोन्ही इंजेक्शनं दिसायला पाण्यासारखीच, त्यांचा दाटपणा हाताला ओळखू येईल असं मला वाटत नाही. पण अनुभवी हात काय काय ओळखतो हे दाखवायला लेखकाने घेतलेली ती सवलत म्हणून मी मान्य करते. दुसरी गोष्ट मोठी आहे. मॉर्फिन असलेली बॅग घरात पाहुणे भरलेले असताना अशी उघडी सोडून कुणी जातं का? आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यापासून मॉर्फिन, पेथिडीन दुहेरी कुलपात असायचं. एक किल्ली कपाटाची, एक आतल्या पेटीची, रजिस्टरला पेशंटचं नाव, डोस, वेळ, सही, आणि रिकामी अँप्युल परत केल्याशिवाय नवी मिळायची नाही. ड्युटी बदलताना इमर्जन्सी ट्रेमधली प्रत्येक वस्तू मोजून घ्यायची. त्या दिवशी मार्टाने ड्युटीच्या सुरुवातीला बॅग मोजली असती तर नॅलोक्सोन नाही हे तिला तेव्हाच कळलं असतं.

खोटं बोललं की तिला उलटी होते, हे पहिल्यांदा मला ओढूनताणून आणलेलं वाटलं. वैद्यकीय दृष्ट्या त्याला आधार नाही. पण नंतर मला वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता आठवला. नर्सला खोटं लिहिण्याचा पहिला मोह तिथे होतो. चाळीस पेशंट, दोन सिस्टर, पहाटे पाचची वेळ, आणि थर्मामीटर न लावता ९८.६ आणि बीपी न घेता १२०/८० लिहून टाकणं किती सोपं असतं. ज्यांना ते लिहिताना पोटात कालवतं त्यांच्याच हाती माझा पेशंट द्यावा असं मला नेहमी वाटत आलं आहे. लेखकाने तेच शरीरावर दाखवलं आहे, असं मी समजते.

आता त्या घरातल्या लोकांविषयी. मार्टाला सगळे म्हणतात, तू आमच्या घरातलीच. पण ती कुठल्या देशाची? कुणी इक्वेडोर म्हणतं, कुणी पॅराग्वे, कुणी उरुग्वे, कुणी ब्राझील. वर्षानुवर्षं घरात वावरणाऱ्या मुलीला कुणी विचारलेलंच नाही. अंत्यविधीला तुला बोलवायचं माझ्या मनात होतं पण बाकीच्यांनी ऐकलं नाही, असं एकाहून जास्त जण तिला वेगवेगळं येऊन सांगतात. प्रेक्षक इथे हसतात. माझा नातूही हसला.

मला मात्र माझी केरळची मैत्रीण आठवली. आम्ही नऊ वर्षं एका वॉर्डात होतो. ती कोट्टायमची. पेशंट, नातेवाईक, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळे तिला मद्रासी सिस्टर म्हणायचे. मद्रासचा आणि तिचा संबंध रेल्वे बदलण्यापुरता. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्हा दोघींना तिकडे पाठवलं होतं. तंबूत पेट्रोमॅक्सच्या उजेडात ती प्रत्येक अँप्युलचं लेबल मोठ्याने वाचायची, तिच्या त्या मल्याळी उच्चारात, आणि मी हो म्हटल्याशिवाय सुई टोचायची नाही. पायाचं हाड मोडलेल्या एका म्हातारीने तिचा हात धरून ठेवला होता, तिला ती माय म्हणत होती. तिथे कुणी मद्रासी म्हटलं नाही. परत आल्यावर पुन्हा तेच. निवृत्तीच्या निरोप समारंभात भाषण करणाऱ्या साहेबांनीसुद्धा तिला मद्रासहून आलेल्या म्हटलं. ती उठून काही बोलली नाही, हार घेतला आणि बसली. मी तेव्हा गप्प राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मृत्युपत्र वाचलं जातं आणि सगळी इस्टेट मार्टाच्या नावावर निघते, तेव्हा घरातली म्हणणाऱ्या त्याच लोकांचे चेहरे बदलतात. हे बघायला अमेरिकेत जावं लागत नाही. आमच्या वॉर्डात म्हाताऱ्याच्या कॉटभोवती उभं राहून सातबाऱ्यावर बोलणारी मुलं मी किती पाहिली. त्याला ऐकू येतं आहे, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. आता परभणीसारख्या गावातही मुलं पुण्याला आणि आई-बाप सांभाळायला ठेवलेल्या मुलीच्या हाती. आमच्या गल्लीत अशी एक मुलगी होती, आजोबांचं सगळं अंथरुणात करायची. अंगठी सापडेना तेव्हा पहिला संशय तिच्यावर. अंगठी पुढे गादीच्या खोळीत निघाली. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही, आणि आजोबा रोज तिचं नाव घेऊन पाणी मागत राहिले.

माझे जावई वकिली करतात. त्यांनी सांगितलं की आपल्याकडेही हिंदू वारसा कायद्यात, १९५६ च्या, कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही. चित्रपटातला रॅन्सम तिकडच्या अशाच नियमाचा आधार घेतो. मार्टाच्या हातून म्हातारा मेला असं ठरलं तर मृत्युपत्र रद्द, म्हणून तर त्याने बाटल्या बदलल्या. ख्रिस इव्हान्सने तो इतक्या गोड चेहऱ्याने केला आहे की अर्ध्यापर्यंत माझा त्याच्यावर विश्वास बसला होता. औषधांचं ओळखलं, माणसाचं ओळखलं नाही.

आणि आता 'भोळी' या शब्दाकडे येते. फ्रॅन नावाची मोलकरीण एका ओस पडलेल्या धुलाईच्या दुकानात बेशुद्ध सापडते. तिला मॉर्फिन टोचलेलं आहे. मार्टाच्या समजुतीप्रमाणे तिला तुरुंगात घालू शकेल असा पुरावा याच बाईकडे आहे. ती मेली तर मार्टा सुटली. तिथे तिसरं माणूस नाही. मार्टा एक क्षण थांबते. मग गुडघ्यावर बसते, छाती दाबायला लागते आणि ॲम्ब्युलन्स बोलावते. भोळ्या माणसाला आपलं नुकसान कळत नाही. हिला पूर्ण कळलेलं आहे, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. अॅना दे आर्मासने तो एक क्षण फार खरा केला आहे. माझ्या माहितीतल्या सगळ्या चांगल्या सिस्टर तशाच गुडघ्यावर बसल्या असत्या. समोर कोण आहे हे बघून छाती दाबायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी तो गुप्तहेर हेच सांगतो, की ती म्हाताऱ्याच्या बेताने सुटली नाही, ती चांगली नर्स आहे म्हणून सुटली. लेखकमहाशयांनी त्याचा अर्थ चांगली मुलगी असा घेतला. तो म्हणतो आहे ते कामाविषयी आहे. तिने इंजेक्शन बरोबर दिलं ते कामातून, फ्रॅनची छाती दाबली ती कामातून.

बुटाचंही सांगायचं राहिलं. ब्लँक तिला शेवटी दाखवतो की तिच्या पांढऱ्या बुटावर रक्ताचा एक बारीक थेंब आहे आणि तो त्याने पहिल्याच भेटीत पाहिला होता. तरीही तो तिच्यावर आरोप न करता तिचं वागणं बघत राहिला. त्या थेंबाने मला माझे कॅनव्हासचे बूट आठवले. घरी आलं की आधी बूट गार पाण्याखाली धरायचे, कोमटसुद्धा नाही, गरम पाण्याने रक्ताचा डाग कायमचा बसतो. मग मीठ, मग जुना दातांचा ब्रश, मग खडू. मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं सगळ्यांच्याच आया संध्याकाळी मोरीत बसून बूट घासतात.

आपल्याकडच्या चित्रपटांत नर्स ट्रे घेऊन येते, पेशंट शुद्धीवर आल्याचं सांगते आणि दारातून निघून जाते. सलाईन लावलेल्या हाताला टेप कशी लावतात तेही कुणी बघत नाही. परदेशात एका माणसाने सगळं रहस्य नर्सच्या बॅगेत आणि तिच्या हातात ठेवलं. तसं मराठीत कुणी लिहिणार असेल तर त्याने आधी आठ रात्री एखाद्या वॉर्डात स्टुलावर बसून काढाव्यात. माहिती द्यायला माझ्यासारख्या कितीतरी जणी गावोगाव घरी बसलेल्या आहेत.

सुट्टी संपायच्या आत मी नातवाकडून तो इंजेक्शनचा प्रसंग पुन्हा लावून घेतला. ड्युटीवर छातीला लावायचं माझं घड्याळ अजून चालतं, ते काढलं. मधेमधे चित्र बदलत असल्याने पूर्ण मिनिट मोजता आलं नाही, पण जेवढे श्वास दिसले तेवढे मोजले. आपल्या लेखकांना हे पत्र पोचवावं, आणि तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा एकदा बघायला सांगावा. मार्टाकडे बघू नका म्हणावं, बाटलीकडेही नको. घड्याळ हातात घ्या आणि त्या म्हाताऱ्याची छाती बघा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
परभणी